दुसरी किल्ली : ती काढावी कशी आणि पुन्हा बसवावी कशी

बँकेतील लॉकर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला किल्ल्या दोन लागतात. एक बँकेच्या अधिकाऱ्याजवळ असते व दुसरी आपल्याजवळ. दोन्ही फिरल्यावाचून दार उघडत नाही. सरकारी कोषागारातही दुहेरी कुलपाची रीत आहे. एकट्या अधिकाऱ्याला वा एकट्या खजिनदाराला आतील रोकड काढता येऊ नये, हा तिचा हेतू. त्याही मागे गेलो तर शिवकालीन पत्रे आहेत. पत्राच्या आरंभी मुद्रा आणि शेवटी मर्यादेचे मोर्तब, असे दोन ठसे असल्यावाचून पत्राला पुरते प्रामाण्य येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द आपण रोज वापरतो. त्याच्या पोटात दोन पुराव्यांची हीच कल्पना आहे.

तीच कल्पना आता खिशातल्या फोनमध्ये येऊन बसली आहे. पासवर्ड टाकला की संगणक म्हणतो, ‘आता ॲपमधला सहा आकडी कोड सांगा.’ हा कोड देणारे जे ॲप, त्याला इंग्रजीत ऑथेंटिकेटर म्हणतात. ते बसविणे सोपे असते व बहुधा दुसरा कोणी तरी ते बसवून देतो. अडचण पुढे येते. फोन बदलायचा असतो, फोन पडून फुटतो किंवा चोरीस जातो; मग ते ॲप काढावे कसे आणि नव्याने बसवावे कसे, हे सांगणारा माणूस जवळ नसतो. विषय दिसावयास लहान आहे. पण बारामती-इंदापुराकडील कारखानदार, व्यापारी, करसल्लागार, विद्यार्थी आणि शेतकरी या सर्वांचा पैसा व अब्रू आज या लहान विषयाशी बांधली गेली आहे. म्हणून त्याचा थोडा मुळापासून विचार करू.

प्रथम, ही दुसरी किल्ली आलीच कशाला? माणसाने आपली ओळख पटविण्याचे मार्ग तीनच आहेत. एक, त्याला ठाऊक असलेली गोष्ट. म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दुसरा, त्याच्याजवळ असलेली वस्तू. म्हणजे कार्ड, सिमकार्ड किंवा फोन. तिसरा, त्याच्या अंगचे लक्षण. म्हणजे अंगठा किंवा चेहरा. ठाऊक असलेली गोष्ट चोरीला गेली तरी मालकाला पत्ता लागत नाही, कारण ती त्याच्याजवळ पूर्वीइतकीच शिल्लक असते. चोराने पैशाचे पाकीट मारले तर खिसा हलका होतो. पासवर्ड मारला तर काहीच हलके होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पहिल्या प्रकारच्या पुराव्याला दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याची जोड दिली गेली.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून, कार्ड प्रत्यक्ष न दाखविता केलेल्या ऑनलाइन खरेदीला असा जादा पुरावा सक्तीचा केला. पुढे २०२५ साली तिने नवे निर्देश काढले व ते १ एप्रिल २०२६ पासून लागू केले. कार्ड यंत्रात घालून केलेले व्यवहार वगळता, दोन पुराव्यांपैकी निदान एक त्या व्यवहारापुरता नव्याने निर्माण झालेला असावा, हे त्यातील एक सूत्र आहे. वस्तू व सेवा कराच्या क्षेत्रातही तेच झाले. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस यांच्या पोर्टलवर ही दुहेरी पडताळणी आधी १०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना, १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींवरील, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींवरील आणि १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना लागू झाली. म्हणजे जी गोष्ट एके काळी मुंबईच्या मोठ्या कंपन्यांपुरती होती, ती आता तालुक्याच्या पेठेतील दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आली आहे.

आता हे ॲप काम कसे करते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की, तो सहा आकडी कोड कोठून तरी फोनवर पाठविला जातो. एसएमएसने येणारा ओटीपी तसा पाठविला जातो हे खरे. पण ॲपमधला कोड कोणीच पाठवीत नाही. तो फोनमध्येच गणिताने तयार होतो. हे ध्यानात येण्यासाठी पंचांगाचे उदाहरण घ्या. एक गणिती बारामतीत बसला आहे व दुसरा इंदापुरात. दोघांजवळ एकच करणग्रंथ आहे. दोघांनी आजच्या दिवसाचे गणित मांडले तर दोघांचीही तिथी त्याच घटकेला संपेल. त्यासाठी त्यांनी एकमेकांस पत्र लिहिण्याचे कारण नाही. ग्रंथ एक आणि काळ एक, म्हणून उत्तर एक.

ॲपचे तसेच आहे. ते प्रथम जोडताना पडद्यावर चौकटी-चौकटींचे एक चित्र येते, त्याला क्यूआर कोड म्हणतात. त्या चित्रात एक लांबलचक गुप्त अक्षरमाला दडलेली असते. तिला आपण ‘बीज’ म्हणू. फोनने ते चित्र टिपले की बीजाची एक प्रत फोनमध्ये उतरते. एक प्रत खाते चालविणाऱ्या संस्थेच्या संगणकात असतेच. मग दोघेही १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद लोटले ते मोजतात, त्याला ३० ने भागतात आणि येणाऱ्या पूर्णांकाची बीजाशी एका ठरावीक गणिती रीतीने सांगड घालून सहा आकडे काढतात. ३० सेकंद झाले की पूर्णांक बदलतो व आकडेही बदलतात. सहा आकड्यांचे १० लाख कोड होऊ शकतात. अर्ध्या मिनिटात त्यातला नेमका एक ओळखणे केवळ अंदाजाचे काम नव्हे. या रीतीचा प्रमाण मसुदा इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केला आणि बहुतेक सर्व ॲप्स तीच रीत पाळतात.

एवढे समजले म्हणजे तीन गोष्टी आपोआप उलगडतात.

पहिली अशी की, कोड मिळण्यास इंटरनेट लागत नाही. फोनला रेंज नसली तरी कोड तयार होतच राहील.

दुसरी, घड्याळ बरोबर हवे. फोनची वेळ हाताने पुढे-मागे केली असेल तर त्याचे गणित चुकते. आकडे दिसतात खरे, पण संस्थेचा संगणक ते मान्य करीत नाही. कित्येक लोक अशा वेळी ‘ॲप बिघडले’ असे समजून ते काढून टाकतात आणि साध्या दुखण्याचे असाध्य दुखणे करून बसतात. वास्तविक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ व तारीख ‘आपोआप’ घेण्याची खूण केली की काम भागते. कोड नाकारला जात असेल तर ॲपला हात लावण्यापूर्वी घड्याळ पाहावे, हा पहिला नियम.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कुलूप खात्याला आहे, फोनला नाही. फोनमध्ये आहे ती केवळ किल्ली. ॲप पुसून टाकले म्हणजे कुलूप निघाले, असे होत नाही. कुलूप जागच्या जागी राहते आणि किल्ली मात्र विहिरीत जाते. दाराचे कुलूप नको झाले म्हणून कोणी किल्ली फेकून देत नाही. तो आधी कुलूप काढतो. पण फोनच्या बाबतीत शहाणीसुरती माणसेही नेमके उलट करताना आढळतात, कारण ॲप काढण्याचे बटण बोटाखाली असते आणि खात्याचे कुलूप डोळ्यांआड असते.

याचा परिणाम काय होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. इंदापूर तालुक्यातील एक साखर व्यापारी आहे असे समजा. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, पलीकडे माळेगाव, सोमेश्वरनगर, असा हा सगळा साखरेचा मुलूख. त्याचा ट्रक भरून परराज्यात निघाला आहे. माल ५०,००० रुपयांच्या वरचा, तेव्हा ई-वे बिल हवेच. बिल काढणारा कारकून एकच. त्याने आदल्या दिवशी नवा फोन घेतला आणि जुना दुकानदाराला बदलीत दिला. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे तो पुसून कोरा केला. नव्या फोनमध्ये छायाचित्रे आली, नावे व नंबर आले, म्हणून सर्व काही आले असे त्याला वाटले. पण ॲप उघडून पाहतो तो यादी रिकामी. संगणक कोड मागतो, कोड कोठून आणावा? ट्रक फाटकाशी उभा, चालक हॉर्न वाजवितो आहे. बिलावाचून ट्रक सोडावा तर वाटेत तपासणी झाल्यास माल अडकतो आणि दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो. न सोडावा तर गिऱ्हाईकाचा शब्द मोडतो. एका बटणाच्या चुकीने एवढा घोळ झाला.

मग योग्य क्रम कोणता? फोन बदलण्याचा बेत असेल, मग तो दिवाळीत असो की उसाचे बिल हाती आल्यावर असो, जुना फोन चालू स्थितीत हाती असतानाच पुढील गोष्टी कराव्यात.

प्रथम कागदावर यादी करावी. ॲप उघडले की त्यात कोणकोणत्या खात्यांचे कोड आहेत ते दिसते. ईमेल, कराचे पोर्टल, कार्यालयाचे किंवा महाविद्यालयाचे खाते, शेअरांचे खाते. प्रत्येक नाव उतरून घ्यावे.

दुसरे, जुन्या फोनमधील कोडाच्या आधारे एकेका खात्यात प्रवेश करावा व त्याच्या सुरक्षा विभागात जावे. तेथे ‘ऑथेंटिकेटर ॲप बदला’ अशा अर्थाचा पर्याय बहुधा असतो. तो निवडला की नवे क्यूआर चित्र येते; ते नव्या फोनने टिपावे आणि नव्या फोनने दाखविलेला कोड तेथे भरावा. या क्षणी खात्याने नवे बीज स्वीकारले व जुने बाद केले, असे समजावे. कुलूप तेच, पण आतली कळ बदलली. काही ॲप्समध्ये सर्व खाती एकदम हलविण्याचीही सोय असते. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये जुना फोन एक चित्र दाखवितो व नवा फोन ते टिपतो. ही रीत जलद खरी, पण तीत बीज बदलत नाही, त्याची केवळ नक्कल होते. म्हणून जुन्या फोनमधील प्रत नंतर आठवणीने पुसली पाहिजे.

तिसरे, परीक्षा. खात्यातून बाहेर पडून नव्या फोनच्या कोडाने पुन्हा आत जाऊन पाहावे. यादीतील प्रत्येक नावापुढे खूण झाल्यावर मगच चौथी पायरी, जुन्या फोनमधील ॲप काढण्याची. आधी नवे बसवावे, मग पारखावे, मग जुने काढावे. बैलजोडी बदलतानासुद्धा शेतकरी नवी जोडी औताला चालवून पाहिल्याशिवाय जुनी बाजारात नेत नाही.

दुहेरी पडताळणीच नको असेल तर? तेव्हाही क्रम तोच. आधी खात्यात जाऊन ती बंद करावी, नंतर ॲप काढावे. मात्र कराच्या पोर्टलसारख्या ठिकाणी ती ऐच्छिक नसून सक्तीची आहे; तेथे बंद करण्याचा प्रश्न नाही, फक्त साधन बदलता येते. ई-वे बिलाच्या पोर्टलने त्यासाठी तीन वाटा ठेवल्या आहेत: नोंदलेल्या क्रमांकावर एसएमएस, सरकारी संदेस ॲप आणि एनआयसी-जीएसटी-शील्ड हे ॲप. एक वाट बंद पडली तर दुसरी असावी, हाच त्यामागील विचार. वरील उदाहरणातील कारकुनाला ही एसएमएसची वाट ठाऊक असती तर ट्रक दहा मिनिटांत निघाला असता.

आता कठीण प्रसंगाकडे वळू. फोन हरवलाच किंवा ॲप पुसले गेलेच, तर काय करावे? उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा दिसते. पण फोनमधून पुसलेले बीज, त्याची दुसरी प्रत नसेल तर, पुन्हा दिसत नाही. ॲप नव्याने उतरवून घेतल्याने ते परत येत नाही. म्हणून जुने बीज शोधण्यात वेळ न घालविता खात्याचे दार दुसऱ्या मार्गाने उघडून नवे बीज घ्यावयाचे असते.

पहिला मार्ग बॅकअप कोडांचा. दुहेरी पडताळणी सुरू करताना बहुतेक मोठ्या संस्था काही राखीव कोड देतात. गूगल असे १० कोड देते. प्रत्येक ८ आकडी असतो आणि एकदाच चालतो. नवा संच घेतला की जुना बाद होतो. हे कोड कागदावर लिहून सातबाराचे उतारे जेथे ठेवता तेथे ठेवावेत. त्याच फोनमध्ये त्यांचे छायाचित्र काढून ठेवणे म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावणे होय.

दुसरा मार्ग, पूर्वीच प्रवेश केलेल्या दुसऱ्या यंत्राचा. कार्यालयातील संगणकावर ते खाते अजून उघडे असेल तर त्यातून मुळीच बाहेर पडू नये. तेथूनच सुरक्षा विभागात जाऊन नवे ॲप जोडता येते का ते पाहावे.

तिसरा मार्ग, प्रतिलिपीचा. गूगल ऑथेंटिकेटरने एप्रिल २०२३ पासून बीजे गूगल खात्यात साठविण्याची सोय केली आहे. ती चालू असेल तर नव्या फोनमध्ये त्याच खात्याने प्रवेश करताच कोड परत दिसतात. मात्र त्या गूगल खात्याचीच किल्ली त्या ॲपमध्ये असेल तर कुलपाची किल्ली कुलपाच्या आत, अशी स्थिती होते. त्या एका खात्यासाठी तरी कागदावरचे कोड हवेतच.

चौथा मार्ग, नोंदलेल्या मोबाइल क्रमांकाचा. फोनबरोबर सिमकार्ड गेले असेल तर कंपनीच्या दुकानात ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचे नवे सिम मिळते. पण नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवावेत, असा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ साली काढला आहे. तेव्हा सिम मिळाले म्हणजे लगेच ओटीपी येईल, असे धरून चालू नये. एक दिवसाचा अवधी हिशेबात धरावा.

पाचवा मार्ग, माणसाचा. खाते कार्यालयाचे, कारखान्याचे किंवा महाविद्यालयाचे असेल तर तेथील संगणक व्यवस्थापक आपल्या नावावरील जुने साधन काढून टाकू शकतो; पुढच्या प्रवेशाच्या वेळी नवे क्यूआर चित्र येते. खाते बाहेरच्या मोठ्या कंपनीचे असेल तर अर्ज, ओळखीचे पुरावे आणि प्रतीक्षा यांवाचून गत्यंतर नसते.

या ठिकाणी लोक चिडतात. ‘खाते माझे, मीच समोर उभा आहे, तरी हे मला आत का घेत नाहीत?’ असा त्यांचा प्रश्न असतो. राग स्वाभाविक आहे, पण थोडा विचार केला तर निवळतो. किल्ली हरवलेला मालक आणि किल्ली हरवली असे सांगणारा चोर, हे दोघे दाराशी एकच वाक्य बोलतात. आतल्या माणसाला त्यांतला खरा कोण, हे दिसत नाही. म्हणून किल्ली बदलून देण्याची वाट जितकी सोपी, तितके सगळे कुलूप कच्चे. भक्कम दार आणि मागे उघडी खिडकी, असले घर काय कामाचे? बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तरी तो फोडण्यापूर्वी अर्ज, ओळख आणि खर्च हे सोपस्कार होतातच. तेथे आपण तक्रार करीत नाही.

चोरांनीही हे मर्म ओळखले आहे. ते कुलूप फोडीत बसत नाहीत. ते मालकालाच किल्ली मागतात. ‘तुमचे ॲप बंद पडणार आहे, नव्याने सुरू करून देतो, आता आलेला कोड सांगा,’ असा गोड आवाजात फोन येतो. कधी पडदा दूरवर दाखविणारे ॲप घालायला सांगतात, कधी क्यूआर चित्र टिपायला सांगतात. एक गोष्ट पक्की ठरवून टाकावी: कोड हा आपण स्वतः उघडलेल्या खात्यात स्वतःच्या हाताने भरण्यासाठी असतो, तोंडाने सांगण्यासाठी नसतो. मागणारा बँकेचा असो, कर खात्याचा असो की ओळखीचा असो, उत्तर एकच. आणि फसगत होऊन पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी पैसे वाटेत थांबविता येण्याची शक्यता अधिक.

शेवटी या विषयाची सामाजिक बाजू. आपल्याकडे घरात किंवा पेढीत ‘फोनमधले सगळे’ पाहणारा एकच मुलगा असतो. वडिलांचे खाते त्याच्या फोनवर, चुलत्याच्या पंपाचे, दुकानाचे, सोसायटीचेही त्याच्याच फोनवर. तो पुण्याला नोकरीस गेला, किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, म्हणजे चार घरांची कुलपे एका दिवशी मुकी होतात. ही व्यवस्था नव्हे, हे केवळ परावलंबन. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य वापरकर्त्याखाली उपवापरकर्ते नेमता येतात आणि प्रत्येकाची पडताळणी त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर होते. त्याचा लाभ घ्यावा. दोन कारकून असतील तर दोघांना स्वतंत्र नावे द्यावीत. एक जण कामावर आला नाही म्हणून फाटक बंद राहू नये आणि एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरण्याची पाळीही येऊ नये. नोकर सोडून गेला तर त्याचे नाव त्याच दिवशी कमी करावे.

घरातही वडीलधाऱ्यांचे खाते त्यांच्याच फोनवर असावे, त्यांना कोड कोठे दिसतो ते दाखवून द्यावे आणि राखीव कोडांचा कागद कोठे ठेवला आहे ते घरातील आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असावे. आजीला हे जमणार नाही, असे नातवाने परस्पर ठरवू नये. जी बाई दुधाचा महिन्याचा हिशेब तोंडी ठेवते, तिला सहा आकडे वाचून भरणे जड नाही. जड जाते ते आपले शिकवण्यातले धैर्य.

दुसरी किल्ली हे संकट नाही, संरक्षण आहे. पण निगा न राखलेले संरक्षण मालकालाच बाहेर कोंडते. तेव्हा आज रात्री प्रत्येकाने तीन कामे करावीत. ॲपमधील खात्यांची यादी कागदावर उतरावी, प्रत्येक खात्याचे राखीव कोड काढून कपाटात ठेवावेत आणि नोंदलेला मोबाइल क्रमांक आजही आपलाच आहे ना, हे पडताळून पाहावे. या कामाला अर्धा तास पुरे होईल. तो अर्धा तास फोन हातात असताना दिला, तर फोन हातात नसेल तेव्हाचे कित्येक दिवस वाचतील.